संत्र्याचे साहेब

विज्ञान सत्याच्या शोधात निघतं, असं थोर लोक सांगून गेले आहेत. आमच्याकडे सत्य फार लांब शोधावं लागत नाही. ते तोंडाला दुपट्टा बांधून पांढुर्णा-सौंसर बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसलेलं असतं, आणि आपण ओळख दाखवली तर पुढच्या थांब्यावर उतरून जातं.

मी पांढुर्ण्याच्या एका सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे. शब्द मोठा आहे, काम लहान. एचआयव्हीची लागण झालेल्या माणसानं रोजची गोळी रोज घ्यावी, एवढंच मी सांगतो. वर्षानुवर्षं तेच सांगतो. आमच्या भागातल्या माणसांनी मात्र या साध्या कामाभोवती एक रीत तयार केली आहे. सौंसरकडचे लोक औषधाला पांढुर्ण्याला येतात, पांढुर्ण्याचे सौंसरकडे जातात, आणि ज्यांना दोन्हीकडे मामे-मावसभाऊ आहेत ते सरळ नागपूर गाठतात. आपल्या गावच्या रांगेत आपली शेजारीण उभी असते, हे त्याचं कारण. एकदा दोन चुलतभाऊ उलट्या दिशांनी निघाले आणि मधल्या थांब्यावर समोरासमोर आले. दोघांनीही सांगितलं की कापसाचा भाव काढायला चाललो. भाव त्या दिवशी दोन्हीकडे सारखाच होता.

या रीतीचा दुसरा भाग माझ्या वाट्याला आला आहे. दवाखान्यात जी माणसं माझ्यासमोर तासभर रडतात, ती बाजारात मला ओळखत नाहीत. मीही त्यांना ओळखत नाही. लग्न झालं तेव्हा बायकोला वाटायचं, या माणसाचं गावात कुणाशी पटत नाही. आता तिला सवय झाली आहे. मला तर त्यात सुखच वाटतं. समोरून एखादा माणूस येतो, अंगानं भरलेला, खांद्यावर पोर, हातात मेथीची जुडी, आणि माझ्या अंगावरून असा निघून जातो जसा मी तिथे नाहीच. शेवटचा पाहिला होता तेव्हा त्याला दोघांनी धरून आणलं होतं. अशा वेळी मी भाजीवाल्याकडे बघत उभा राहतो आणि मनातल्या मनात कॉलर ताठ करतो.

डिसेंबरात आमच्याकडे जनजागृतीची रॅली निघते. आता पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तिला जिल्हास्तरीय म्हणतात, रस्ता तोच आहे. शेवटी मी भाषण करतो. एका ताटात जेवल्यानं, एका भांड्यात शिजवल्यानं, हातात हात घेतल्यानं हा आजार होत नाही, असं सांगतो. टाळ्या पडतात. मग खाली उतरून मी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एखाद्याला माझ्या हातानं चहाचा कप देतो. तो आधी कपाकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि म्हणतो, आताच झाला.

हे सगळं चालू असताना एका मोठ्या शहरातून संशोधन आलं. संशोधन म्हणजे एक जीप, एक ड्रायव्हर, बर्फाचा एक निळा डबा आणि एक तरुण डॉक्टरीण. औषध सुरू होऊन बरीच वर्षं झालेल्या माणसांचं पुढे काय झालं, हे त्यांना पाहायचं होतं. कुणाच्या रक्तात विषाणू दबलेला आहे, कुणाला मधे टीबी झाला, कोण टिकलं, कोण गेलं. आणि एक रकाना होता, ‘लॉस्ट’. औषधाला यायचं थांबलेली माणसं त्यात टाकायची. हरवलेली. म्हणजे जणू बाजारातून परतताना कुणी शेळी मागे विसरून आला.

डॉक्टरबाई तो रकाना बघून गंभीर झाल्या होत्या. आमच्या भागात हरवलेले फारच दिसत होते.

“हे कुठे गेले असतील?” त्यांनी विचारलं.

“बसमध्ये असतील,” मी म्हणालो.

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. पुढचे काही महिने मी त्यांना हरवलेली माणसं दाखवत फिरलो. बोरगावचा एक सौंसरऐवजी नागपूरला सापडला, पांढुर्ण्याची एक सौंसरला, आणि दोन तर आमच्याच दवाखान्यात सापडले, आजोळच्या पत्त्यावर. डॉक्टरबाई हुशार होत्या आणि, जे हुशारीहून दुर्मिळ आहे, चूक कबूल करायला त्यांना वेळ लागत नसे. त्यांनी रकाना पुसायला सुरुवात केली.

उरलेल्यांत एक बाई होती. रामाकोन्याच्या अलीकडे एक लहान गाव आहे, तिथल्या शाळेत ती पोरांचा दुपारचा स्वयंपाक करते. घर बुद्धविहाराला लागून. नवरा फार पूर्वी गेला. ती शाळेच्या चुलीवर आली तेव्हा पहिलं वर्षभर गावातल्या काही घरांची पोरं डबा घेऊन शाळेत यायची. तेव्हा कुणाला कसला आजार असण्याची गरजच नव्हती, आडनाव पुरेसं होतं. ती रोज पूर्ण पटाचा स्वयंपाक करत राहिली. हळूहळू डब्यांची पोरं वरणाच्या वासानं पंगतीत सरकत आली. ती चूल तिनं अशी मिळवलेली होती.

आदल्या वर्षी तिला टीबी झाला. गावात तिनं सांगितलं की बहिणीचं बाळंतपण आहे, आणि तिगावला बहिणीकडे जाऊन राहिली. तिथून आगगाडीनं नागपूरला जाऊन दोन्ही औषधं आणायची. आमच्याकडे ती हरवली ती तेव्हा. टीबी बरा झाला, ती परत चुलीवर आली आणि औषधाला परत आमच्याकडे. पण त्या महिन्यांत उलट्या फार व्हायच्या, रोजची गोळी कितीदा पोटात राहिली आणि कितीदा नाही, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. मधे खंड पडला की विषाणू औषधाला सरावतो. मग दुसरं, वरच्या पायरीचं औषध लागतं, त्यासाठी लांबच्या मोठ्या दवाखान्यात पुन्हा पुन्हा जावं लागतं. आणि शाळेची स्वयंपाकीण पुन्हा पुन्हा कुठे जाते, हे गाव एकदाच विचारतं.

म्हणून तिला तपासणी हवी होती आणि तीच तिला नको होती.

“रक्त घ्या भाऊ, माही ना नाही,” ती माझ्या खोलीत म्हणाली होती. शाळेच्या सुट्टीत ती गोळ्या न्यायला आली होती, आणि बर्फाचा डबा त्या दिवशी नव्हता. “पण दवाखान्यात येऊन राहिली त दिवस मोडते, शाळेत कोन रांधन? आन गावात गाडी आनसान त माही चूल गेली समजा. एक वर्स लागलं मले त्या पोराईले जेवाले बसवाले.”

“गाडी बाहेर ठेवू.”

“बाहेर मंजे किती बाहेर?”

ठरलं ते असं: गावाच्या अलीकडे एक संत्र्याची बाग आहे, जीप तिच्या बांधाशी थांबेल, शाळा सुटली की ती सरपण आणायच्या निमित्तानं तिकडे येईल. रक्ताची नळी वेळेत बर्फात गेली म्हणजे झालं. डॉक्टरबाईंना हे पटलं. ड्रायव्हरलाही आम्ही नीट सांगितलं.

ड्रायव्हर शहरातला होता, आणि मदत करण्याची वृत्ती त्याच्या अंगात होती. बांधाशी चिखल आहे, साहेबलोकांचे बूट भरतील, असं म्हणून तो थांबला नाही. सरळ गावात गेला, शाळेसमोरच्या चौकात जीप उभी केली आणि आम्ही आल्याचं कळावं म्हणून हॉर्न वाजवला.

चौक भरायला वेळ लागला नाही. पुढे आले ते काकाजी. त्या बागेचे मालक, शाळेच्या समितीचे अध्यक्ष, आणि ज्या घरांतून पूर्वी डबे यायचे त्यांतल्या पहिल्या घराचे कर्ते. चूल कुणाकडे राहील हे ज्यांच्या हातात होतं ते हेच. त्यांनी जीपला एक चक्कर मारली, मागच्या सीटवरचा निळा डबा पाहिला.

“कोनचं डिपार्टमेंट?”

डॉक्टरबाईंनी तोंड उघडलं. त्या खरं बोलणाऱ्या होत्या. पण गावानं त्यांना बोलू दिलं नाही.

“काय विचारून राह्यले काकाजी,” मागून एक जण म्हणाला. “डब्बा दिसून नाही राह्यला काय? संत्र्याचे सायेब होय. मागं माती नेली ना त्याईनं.”

“मंग रिपोर्ट आनला काय मातीचा?”

“रिपोर्ट कायचा आनते. आता अजून माती नेतीन.”

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. “डिंक्या पाहाले आले काय?”

“पाहायलाच आलो,” मी म्हणालो. काय पाहायला, हे पुढे कुणी विचारलं नाही.

शाळेच्या दारात ती उभी होती, हातात पळी. तिनं माझ्याकडे विजेच्या खांबाकडे बघावं तसं पाहिलं. मीही तिच्याकडे खांबासारखंच पाहिलं. मग आम्हाला बागेत नेण्यात आलं. नेण्यात आलं हेच बरोबर, कारण पुढे काकाजी होते, मागे गाव होतं, आणि निळा डबा एका माणसानं पालखीच्या भक्तीनं खांद्यावर घेतला होता.

डिंक्या हा संत्र्याच्या बुंध्याचा आजार. साल फाटते, डिंक गळतो, झाड आतून वाळत जातं. काकाजींनी एका झाडाची साल नखानं खरवडून दाखवली. डॉक्टरबाई खाली वाकल्या. संसर्गजन्य रोगांत त्यांनी मोठी पदवी घेतली होती, पण त्यात झाडं नव्हती. त्यांनी बराच वेळ बुंधा पाहिला आणि मग त्यांना येत होता तो प्रश्न विचारला.

“औषध काय लावलं होतं?”

“बोर्डो. मलम लावला ना बुंध्याले.”

“मग?”

“मंग फरक पडला.”

“आणि मग?”

“मंग कायले लावाचं? डिंक थांबला त बंद केला.”

डॉक्टरबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीच्या प्रदेशात आल्याचं समाधान होतं. “काका, फरक पडला म्हणून बंद करायचं नसतं. आजार दबलेला असतो, गेलेला नसतो. वरून दिसत नाही म्हणजे आत नाही असं नाही. ठरल्या वेळेला लावायचं म्हणजे लावायचं, झाड कितीही चांगलं दिसलं तरी.”

गावानं माना डोलावल्या. हे वाक्य मी दवाखान्यात रोज म्हणतो. इतक्या आदरानं ते कधी ऐकलं गेलं नव्हतं.

“म्याडम लहान हाय,” काकाजी मला बाजूला घेऊन म्हणाले, “पन पक्की हाय.”

एक म्हातारा गर्दीतून पुढे आला. “म्याडम, हे मानसाले लागते काय?”

“नाही. झाडाचा आजार झाडाला.”

“हात लावला त?”

“काही होत नाही.”

“आन याच्या बुडाशी बसून जेवन केलं त?”

“खुशाल जेवा.”

म्हातारा मान हलवून मागे गेला. त्याचं समाधान झालं होतं. माझी डिसेंबरातली सगळी भाषणं त्या तीन उत्तरांत आली होती, आणि कुणीतरी ती मानताना मी प्रथमच पाहत होतो. झाडाबद्दल का होईना.

पण रक्त राहिलंच होतं. ऊन कलायला लागलं. गाव काही हलेना; उलट जो तो आपापल्या बागेतून पानं, फांद्या, डिंकाचे खडे, मातीची ढेकळं आणून निळ्या डब्यात टाकत होता. डॉक्टरबाई माझ्याकडे बघत होत्या, मी झाडाकडे. तेवढ्यात ती आली. पदर खोचलेला, हात नुकते धुतलेले. ती माझ्याकडे वळलीच नाही, सरळ डॉक्टरबाईंना म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी:

“बाई, सकाळपासून गाडीत हाय तुमी. आत-बाहेर जायाचं असन त माह्या घरी चाला. इथं सारे मानसंच मानसं हायेत.”

बागेतला प्रत्येक पुरुष एकाएकी संत्री न्याहाळू लागला. काकाजींनी तर मान पूर्ण फिरवली. “ने बाई, ने,” ते झाडाला म्हणाले. डॉक्टरबाईंनी आपली पिशवी खांद्याला लावली आणि दोघी निघून गेल्या. त्या का गेल्या, किती वेळ गेल्या, पिशवीत काय होतं, हे जगातला कुठलाही सभ्य माणूस विचारू शकत नव्हता.

मी मागे राहिलो आणि कोळशीबद्दल ऐकत राहिलो. कोळशी म्हणजे पानावर धरणारी काळी बुरशी. त्या दिवसापासून मला तिच्याबद्दल बरंच माहीत आहे.

दोघी परतल्या. डॉक्टरबाईंनी डब्याचं झाकण उघडलं, पानं बाजूला केली, रुमालात गुंडाळलेलं काहीतरी खाली बर्फापर्यंत सारलं आणि वर पानं ओढली. मी श्वास सोडणार तोच काकाजी पुढे आले. त्यांच्या मुठीत डिंकाचा मोठा खडा होता.

“हे खाली ठेवा लागते. वरच्यावर ठेवलं त वितळते.” आणि त्यांनी बाही वर सारून डब्यात हात घातला.

“काकाजी,” ती म्हणाली. तिचा आवाज चुलीजवळ पोरांना दटावताना असतो तसाच होता. “बरफात हात नका घालू. मंग गुडघे धरून बसान, आन काकी मले बोलन का तू तिथं उभी होती तरी सांगतलं नाही.”

काकाजींनी हात बाहेर काढला, धोतराला पुसला. “हो बाप्पा. थंड नाही चालत मले.” त्यांनी खडा डॉक्टरबाईंच्या हातात दिला. तो त्यांनी स्वतः खाली ठेवला, फार काळजीपूर्वक.

परतताना जीपमध्ये डॉक्टरबाई म्हणाल्या, “मी त्यांना डिंक्याचं चुकीचं तर नाही ना सांगितलं?” आणि लगेच कृषी महाविद्यालयातल्या एका वर्गमैत्रिणीला फोन लावला. मैत्रीण म्हणाली, सल्ला बरोबर आहे, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा मलम लावायचं, दरवर्षी. शिवाय बुंध्याशी पाणी साचू द्यायचं नाही. हा निरोप मी दुसऱ्या दिवशी काकाजींना फोनवर कळवला. त्यामुळे खात्याबद्दलचा त्यांचा आदर आणखी वाढला, कारण आजवर कुठल्याही खात्यानं त्यांना उलटा फोन केलेला नव्हता.

प्रयोगशाळेकडून डॉक्टरबाईंना निरोप आला. नमुना ठीक आहे, पानांचं काय करायचं?

काही आठवड्यांनी रिपोर्ट आला. तिच्या रक्तात विषाणू इतका कमी होता की यंत्राला मोजता येत नव्हता. जुनी गोळीच चालणार होती, लांबच्या दवाखान्याची गरज नव्हती. तिगावच्या उलट्यांतूनही तिनं पुरेशा गोळ्या पोटात ठेवल्या होत्या, कशा ते तिलाच माहीत. आता हे तिला कळवायचं होतं. फोन घरात एकच, तो मुलाकडे, आणि मुलाला काही माहीत नव्हतं. ती पुढच्या औषधाला येईपर्यंत थांबणं मला जमेना. ती आठवडी बाजाराला सौंसरला येते हे माहीत होतं. मी बाजारात तिच्या अंगावरून दोनदा गेलो, तिनं मला दोनदा ओळखलं नाही. शेवटी ती गावाच्या बसमध्ये बसली आणि मी तिच्या मागच्या सीटवर. फोन कानाला लावला आणि कुणाशीच बोलू लागलो.

“हो, रिपोर्ट आला. एकदम चांगला आहे. काही बदलायचं नाही, जुनीच गोळी चालू ठेवायची. लांब कुठे जायची गरज नाही. निश्चिंत राहा म्हणावं.”

तिनं मान वळवली नाही. फक्त मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि पाठ सीटला टेकवली. पण माझं लक्ष पुढे गेलं. दारापाशी दुपट्टा बांधलेली एक मुलगी होती, तिचेही खांदे सैल झाले. ड्रायव्हरच्या मागे बसलेल्या एका माणसानं डोळे मिटून हात जोडले. खिडकीतल्या एका म्हाताऱ्यानं बिडी खिशात परत ठेवली. मी घाबरून फोन बंद केला. पुढच्या काही दिवसांत मी हळूच चौकशी केली. ज्यांची मला माहिती होती त्या सगळ्यांचे रिपोर्ट सुदैवानं चांगलेच होते. ज्यांची नव्हती, त्यांना निदान तो प्रवास चांगला गेला.

संशोधन पुढे एका मोठ्या हॉटेलात वाचून दाखवलं गेलं. मला बोलावणं नव्हतं, ते योग्यच होतं. तिथे बसायला टाय लागतो म्हणतात. डॉक्टरबाईंनी मला पडद्यावरचे फोटो पाठवले. नकाशावर आमचा भाग एका ठिपक्याएवढा होता, आणि त्या ठिपक्यातली माणसं औषधावर टिकून राहण्यात बाकी सगळ्यांच्या पुढे होती. का, असा प्रश्न कुणीतरी विचारला तेव्हा डॉक्टरबाईंनी उत्तर दिलं की तिथले लोक बसनं जातात. सभागृह हसलं, असं त्या म्हणाल्या. मी हसलो नाही. मी तो फोटो बराच वेळ मोठा करून पाहत बसलो. ठिपका ठिपकाच राहिला, पण तो आमचा होता.

पुढे सव्वीस जानेवारीला मला त्या गावच्या शाळेत प्रमुख पाहुणा म्हणून बोलावणं आलं. काकाजींच्या झाडांचा डिंक थांबला होता. झेंडावंदन झालं, पोरांचं गाणं झालं, मग काकाजी बोलायला उठले. या सायबाईनं आमच्या बागा वाचवल्या, असं ते म्हणाले. बाकीचे सायेब माती नेतात, या सायबानं घरी फोन केला. मला शाल पांघरली, हातात नारळ दिला. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझा झालेला हा एकमेव जाहीर सत्कार, आणि तो डिंक्यासाठी. खुलासा करण्याची सोय नव्हती. खुलासा केला असता तर चूल गेली असती. मी दोन शब्द बोललो: फरक पडला तरी औषध बंद करू नका. टाळ्या पडल्या.

मग पंगत बसली. अख्खं गाव शाळेच्या अंगणात मांडी घालून बसलं, काकाजी माझ्या शेजारी, त्यांच्या पलीकडे त्यांची नातवंडं. ती वाढत होती. पदर खोचलेला, एका हातात बादली, एका हातात पळी, माझ्या पानाशी आली तेव्हा तिनं मला ओळखलं नाही. नातवंडांनी वरण दोनदा मागितलं. काकाजींनी भातात आळं केलं, ते भरून घेतलं, एक घास खाल्ला, आणि थांबले.

“बाई,” ते म्हणाले, “आज मीठ कमी हाय वो.”

“घ्या ना मंग वरून,” ती म्हणाली आणि पुढच्या पानाकडे गेली.

मीही चाखून पाहिलं. कमीच होतं.